नायट्रेटपासून अमोनिया: प्रयोगशाळेतले उत्प्रेरक आणि महाडचे सांडपाणी

रायगड जिल्ह्याच्या नकाशावर नत्राचा औद्योगिक प्रवास बोट फिरवून दाखवता येतो. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना हवेतला नत्र नैसर्गिक वायूपासून काढलेल्या हायड्रोजनशी जोडून अमोनिया बनवतो आणि त्याचा युरिया करतो. पनवेलच्या बाजूला तळोज्यात अमोनिया हवेत जाळून नायट्रिक आम्ल तयार होते. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला महाडच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्ये, औषधांचे मूळ घटक आणि त्यांच्या मधल्या पायऱ्यांवरची रसायने बनतात. या रसायनशास्त्रात नायट्रिक आम्ल आणि सोडियम नायट्राइट रोजच्या वापरातले आहेत. त्यांतला जो नत्र मालात बसत नाही, तो आम्ल चुन्याने किंवा सोड्याने मारल्यावर नायट्रेटच्या रूपाने पाण्यात राहतो. नायट्रेटचे क्षार जवळजवळ सगळेच पाण्यात विरघळतात. ते गाळात बसत नाहीत, गाळणीत अडकत नाहीत, चुन्याने खाली पडत नाहीत. म्हणजे थळला प्रचंड दाब आणि उष्णता खर्चून हवेतून ओढलेला नत्र दोन-तीन कारखान्यांचा फेरा करून पाण्यात उतरतो, आणि महाडचे सगळे पाणी शेवटी सावित्री नदीला मिळते.

हा नत्र पाण्यातून परत अमोनियाच्या रूपात काढून घेता येईल का, तोही उष्णतेऐवजी विजेने, या प्रश्नावर गेल्या पाच-सहा वर्षांत जगभर संशोधनाची लाट आली आहे. चीन, अमेरिका, युरोप, भारत, सगळीकडून निबंध येत आहेत आणि प्रत्येकात नवा उत्प्रेरक आहे. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेला वाट करून देणारा पदार्थ. इथे तो इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर बसतो. या लाटेतले पक्के काय, कच्चे काय, आणि महाड आणि शेजारच्या पोलादपूरच्या पाण्याला त्याचा उपयोग कुठे, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. माझे मत आधीच सांगतो. या तंत्राकडे खत बनवण्याचा नवा मार्ग म्हणून पाहिले तर ते हिशेबात बसत नाही. दाट, खारट, जीवाणूंना न मानवणारे सांडपाणी साफ करण्याचा मार्ग म्हणून पाहिले तर बसू शकते. उत्प्रेरकाचा आराखडा मात्र मग त्या सांडपाण्यापासून सुरू व्हायला हवा, आणि आज बहुतेक ठिकाणी तसे होत नाही.

आधी नायट्रेटविषयी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसला तरी तिच्यात सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कोम्ली या डॉक्टरने विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या तान्ह्या बाळांचे अंग निळे पडण्याचा संबंध नायट्रेटशी जोडला. बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरच्या भूजल नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के या मर्यादेच्या वर निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांहून अधिक होते. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव हे त्यातले ठळक जिल्हे. कोकण त्या यादीत पुढे नाही. इथला पाऊस जमीन धुऊन काढतो आणि विहिरीत साचण्याआधीच नत्र नदीला लागतो.

म्हणून सावित्रीच्या खोऱ्यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. महाबळेश्वरच्या माथ्यावरून उतरणारी नदी आधी पोलादपूर तालुक्यात येते. पोलादपूरकडे महाडसारखी रासायनिक वसाहत नाही. तिथे डोंगरउतारावर नाचणी-वरी आणि खाचरांत भात आहे, आणि नत्राचा मुख्य स्रोत युरियाचे पोते. भरल्या खाचरात फेकलेल्या युरियाचा मोठा भाग पिकाला मिळतच नाही. काही अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर जातो. पण हे नायट्रेट शेकडो एकरांवर पसरलेले, पावसाने पातळ झालेले, आणि मुसळधार पावसाच्या चार महिन्यांत वाहून जाणारे असते. त्यासाठी ओढ्याकाठी इलेक्ट्रोड लावण्यात अर्थ नाही. त्याचे उत्तर कोकणच्या शेतीत आधीच आहे. डॉ. नारायण सावंत यांनी रुजवलेल्या चारसूत्री भात लागवडीत चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची गोळी चिखलात सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचतात. तिथे प्राणवायू पोहोचत नसल्यामुळे अमोनियाचे नायट्रेट होणे मंदावते आणि नत्र मुळांपाशी टिकतो. गोळी हाताने खोचायला मजूर लागतात आणि पोलादपूरची तरुण माणसे मुंबईला असतात, ही अडचण खरी आहे. तरीही तिथला पैसा गोळी खोचण्याच्या साध्या अवजारावर लागला पाहिजे.

महाडचा प्रश्न उलट आहे. तिथे नायट्रेट थोड्या पाण्यात, दाट, आणि ठराविक नळातून येते. कारखान्यांचे पाणी महाड उत्पादक संघटनेच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, सगळे ज्याला सीईटीपी म्हणतात तिथे जाते आणि प्रक्रियेनंतर वाहिनीने सावित्रीच्या खाडीत सोडले जाते. खाडीत भरती-ओहोटीचे पाणी वरखाली होत राहते, त्यामुळे सोडलेले सगळे लगेच बाणकोट-हरिहरेश्वरच्या समुद्रात निघून जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत सावित्रीचा दादली ते मुठवली हा पट्टा आहे. पण ती यादी बीओडीवर, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खाते या मोजमापावर केलेली आहे. नायट्रेट त्या मोजमापात येत नाही. एखाद्या पट्ट्याचा बीओडी सुधारला तरी त्यातला नत्र तसाच असू शकतो. खाडीच्या तोंडाशी असा नत्र शेवाळाला खाद्य देतो आणि शेवाळ कुजले की मासळीचा प्राणवायू जातो.

कायद्यात नायट्रेटला जागा आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅम आणि समुद्रकिनारी २० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. हे आकडे वाचताना एक सावधगिरी लागते. नायट्रेट म्हणून ४५ आणि त्यातला फक्त नायट्रोजन मोजून १० हे जवळजवळ एकच प्रमाण आहे. अहवालात कोणते मोजले ते लिहिलेले नसेल तर साडेचार पटींचा घोळ होतो. त्याच मानकांत अमोनियाच्या रूपातल्या नायट्रोजनची मर्यादा ५० आहे. हा आकडा पुढे लागणार आहे.

आता वीज आणि उत्प्रेरक. नायट्रेटच्या आयनात एका नत्राभोवती तीन ऑक्सिजन असतात. अमोनिया करायचा तर ते तिन्ही काढून त्या जागी तीन हायड्रोजन बसवायचे. त्यासाठी कॅथोडकडून, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या इलेक्ट्रोडकडून, एकूण आठ इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. हवेतल्या नत्राच्या रेणूतला तिहेरी बंध तोडायला मोलमागे ९४१ किलोज्यूल लागतात, तर नायट्रेटमधला नत्र-ऑक्सिजन बंध २०४ किलोज्यूलला सुटतो. शिवाय नायट्रेट पाण्यात हवे तेवढे विरघळते, हवेतला नत्र जेमतेम विरघळतो. या दोन कारणांनी संशोधक इकडे वळले. तिसरे कारण फारसे उघड सांगितले जात नाही. २०१५ नंतर हवेतल्या नत्रापासून विजेने थेट अमोनिया केल्याचे दावे खूप झाले. निघालेला अमोनिया इतका थोडा असे की तो हवेतून, हातमोज्यांतून, रसायनांतल्या अशुद्धीतून आला की खरोखर तयार झाला, हेच कळत नसे. २०१९ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये कडक तपासणीची पद्धत मांडली. नत्राचा १५ वजनाचा समस्थानिक वापरून उगम सिद्ध करा, असा तिचा आग्रह होता. त्या कसोटीवर बरेच दावे टिकेनात. नायट्रेटपासून मात्र अमोनिया भरपूर आणि निःसंशय निघत होता, म्हणून गर्दी तिकडे सरकली.

नायट्रेटवर वीज चालवणे जुनेच आहे. अमेरिकेत अणुकचऱ्याच्या अल्कधर्मी पाण्यातले नायट्रेट विजेने नष्ट करण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात झाले. १९८९ मध्ये जर्मनीत फोर्लोप आणि टाके यांनी पॅलेडियम-तांब्यासारख्या जोडधातूंवर हायड्रोजन सोडून पिण्याच्या पाण्यातले नायट्रेट काढण्याचा मार्ग दाखवला. त्या काळी नत्र वायू होऊन उडून जावा हे उद्दिष्ट होते आणि अमोनिया झाला तर तो दोष मानला जाई. २०२० च्या सुमारास तोच दोष उद्दिष्ट बनला.

उत्प्रेरकाच्या रचनेत पहिली अडचण पहिल्याच पायरीवर येते. नायट्रेट पृष्ठभागाला चिकटून त्याचा पहिला ऑक्सिजन सुटला की नायट्राइट होते. बहुतेक धातूंवर ही पायरी सर्वांत संथ असते. तांब्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉन-कक्षांची ऊर्जा नायट्रेटच्या रिकाम्या कक्षेशी चांगली जुळते, म्हणून तांबे ही पायरी लवकर उरकते. ते स्वस्तही आहे. पण पुढचे ऑक्सिजन काढून हायड्रोजन बसवण्यात ते ढिले पडते आणि नायट्राइट साचते. नायट्राइट नायट्रेटपेक्षा विषारी आहे. म्हणून हायड्रोजन पकडणारा दुसरा धातू शेजारी बसवतात. कोबाल्ट, निकेल, रुथेनियम हे नेहमीचे. हा जोडीदार हायड्रोजन पकडण्यात फार हुशार असला तर तो नायट्रेट सोडून पाण्याचेच हायड्रोजन करू लागतो आणि वीज फुकट जाते. नत्राचे तुकडे पृष्ठभागाला फार घट्ट चिकटले तर जागा अडतात, सैल चिकटले तर अर्धवट सुटून जातात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलेले मध्यम पकडीचे तत्त्व इथे तंतोतंत लागू पडते. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठात गोल्डस्मिथ आणि सिंग यांच्या गटाने वेगवेगळे धातू नत्राचा आणि ऑक्सिजनचा अणू किती घट्ट धरतात, एवढ्या दोनच मापांवरून त्यांची कार्यक्षमता आणि उत्पादनाचा कल सांगता येतो, हे गणिताने दाखवले. तेव्हापासून धातू अंदाजाने निवडणे कमी झाले.

निकालांचे दोन-तीन नमुने पुरेत. तियांजिन विद्यापीठात झांग बिन यांच्या गटाने २०२० मध्ये तांब्याच्या ऑक्साइडच्या नॅनोतारा वापरल्या. दिलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी सुमारे ९६ टक्के अमोनियात गेले. या प्रमाणाला फॅरेडे कार्यक्षमता म्हणतात. तपासताना दिसले की वीज सुरू होताच ऑक्साइडचा काही भाग तांब्यात बदलतो आणि खरे काम तांबे व तांब्याचा ऑक्साइड जिथे भेटतात त्या सीमेवर होते. भट्टीतून काढलेला उत्प्रेरक आणि पाण्यात काम करणारा उत्प्रेरक एकच नसतो, हा या क्षेत्राला मिळालेला महत्त्वाचा धडा आहे. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात वांग हाओतियान यांच्या गटाने २०२१ मध्ये कार्बनवर लोखंडाचे सुटे सुटे अणू रोवले. अणू एकेकटा असल्यामुळे शेजारी दुसरा नत्र येऊन नत्र वायू बनण्याची शक्यताच घटते आणि क्रिया अमोनियाकडे वळते. याच गटाने २०२२ मध्ये तांब्याच्या तारांवर रुथेनियम विखरून चौरस सेंटीमीटरला एक अँपिअर इतका मोठा प्रवाह आणि ९३ टक्के कार्यक्षमता मिळवली. लिटरला सुमारे २००० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी त्यांनी ५० च्या खाली आणले आणि वर हवा सोडून अमोनिया वेगळाही काढून दाखवला. माझ्या दृष्टीने हा शेवटचा भाग कार्यक्षमतेच्या आकड्याहून मोलाचा आहे. तो का, ते पुढे येते.

आता विजेचा हिशेब. तो कागद-पेन्सिलीने कुणालाही करता येतो आणि निबंधांच्या प्रस्तावनेत सहसा सापडत नाही. एक किलो अमोनियाला आठ इलेक्ट्रॉनांच्या दराने सुमारे १२,६०० अँपिअर-तास लागतात. सेलला ३ व्होल्ट आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ४२ युनिट वीज झाली. हाबर-बॉश पद्धतीने, म्हणजे १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने दाखवलेल्या आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखान्यात उतरलेल्या पद्धतीने, आजचे चांगले कारखाने किलोला आठ ते दहा युनिटांइतकी ऊर्जा घेतात. आपल्या वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ४२ युनिटांमागे तो २९ किलो होतो. हाबर-बॉशचा जागतिक सरासरी आकडा किलोला अडीच किलोच्या आत आहे. शिवाय जगातले औद्योगिक नायट्रिक आम्ल अमोनियापासूनच बनते. अमोनियाचे आम्ल, आम्लाचे नायट्रेट, नायट्रेटचा पुन्हा अमोनिया, हा फेरा खतासाठी कुणी मुद्दाम करणार नाही. ‘शेतकऱ्यासाठी हरित अमोनिया’ अशा शब्दांत या संशोधनाची जाहिरात होते तेव्हा मला वाईट वाटते, कारण त्यामुळे त्याची खरी जागा झाकली जाते.

खरी जागा पाहण्यासाठी हिशेब पाण्याच्या बाजूने करू. एक हजार लिटर पाण्यात लिटरला २००० मिलिग्रॅम प्रमाणे दोन किलो नायट्रेट आहे. ते पूर्ण अमोनियात बदलायला, वरचेच व्होल्ट आणि कार्यक्षमता धरून, सुमारे २३ युनिट लागतात. युनिट आठ रुपयांनी धरले तर १८५ रुपये. हाती येणारा अमोनिया अर्ध्या किलोहून थोडा जास्त. किलोला पन्नास रुपये मिळाले तरी सत्तावीस-अठ्ठावीस रुपये परत येतात. अमोनिया विकून खर्च निघणार नाही. पण नायट्रेट काढायला कारखान्याला आजही खर्च आहेच, तुलना त्याच्याशी करायची.

सगळ्यांत स्वस्त मार्ग जीवाणूंचा. प्राणवायू नसलेल्या टाकीत ते नायट्रेटचा नत्र वायू करतात, त्यांना खाद्य म्हणून मिथेनॉलसारखे काहीतरी द्यावे लागते. वरच्या हजार लिटरला सव्वा किलोच्या आसपास मिथेनॉल पुरते. जिथे जीवाणू जगतात तिथे वीज त्यांना हरवू शकत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण रंग आणि औषधांच्या मधल्या रसायनांचे पाणी अनेकदा इतके खारट आणि नायट्रो-संयुगांनी इतके कडवट असते की जीवाणू त्यात तग धरत नाहीत. मग ते बहुस्तरीय बाष्पीभवन यंत्रात आटवतात. हजार लिटर पाण्याची वाफ करायला मुळात सहाशेहून अधिक युनिटांइतकी उष्णता लागते. तीन-चार टप्प्यांत ती वाफ पुन्हा वापरली तरी दीडशे-दोनशे युनिटांइतकी उरते. शेवटी राहिलेले मीठ तळोज्याच्या घातक कचरा केंद्रासारख्या ठिकाणी पैसे भरून पुरावे लागते. या दोन टोकांच्या मध्ये, जीवाणूंना न झेपणाऱ्या आणि आटवायला फार महाग पडणाऱ्या पाण्यात, वीज-उत्प्रेरकाला जागा आहे. आटवण्याने सगळेच क्षार निघतात आणि विजेने फक्त नायट्रेट जाते, त्यामुळे ती आटवण्याची संपूर्ण जागा घेणार नाही. तरीही २३ विरुद्ध दीडशे हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

इथून पुढे महाडचे पाणी प्रयोगशाळेशी भांडू लागते. निबंधांतले बहुतेक प्रयोग शुद्ध पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम नायट्रेट घालून केलेले असतात. कारखान्याच्या पाण्यात मीठ, म्हणजे क्लोराइड, हमखास असते. रंगद्रव्ये बनवतानाच्या डायझोटीकरण या पायरीत सोडियम नायट्राइटबरोबर बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. क्लोराइड तांब्याला पोखरते. त्याहून मोठा त्रास समोरच्या अ‍ॅनोडवर होतो: तिथे क्लोराइडचा क्लोरीन होतो, तो कॅथोडवर कष्टाने बनवलेल्या अमोनियाला गाठून त्याचा नत्र वायू किंवा विषारी क्लोरामीन करतो, आणि पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांना क्लोरीन चिकटवतो. दोन्ही बाजूंमध्ये आयन निवडून सोडणारा पडदा घालावा लागतो. तो महाग असतो आणि घाणीने बुजतो. चुन्याने आम्ल मारलेले असेल तर पाण्यात कॅल्शियम भरपूर असते. क्रियेत प्रत्येक अमोनियामागे नऊ हायड्रॉक्सिल आयन तयार होतात, कॅथोडजवळचे पाणी फार अल्कधर्मी होते आणि तिथेच कॅल्शियमचा थर बसतो. अब्जांश मीटरच्या तारांवर कसबाने केलेली रचना त्या थराखाली गाडली जाते. नायट्रोबेंझीनसारखे पदार्थ नायट्रेटच्या आधीच कॅथोडवर वीज खातात आणि अ‍ॅनिलीनसारखी संयुगे देतात, तीही विषारी. उत्प्रेरकातले तांबे किंवा निकेल झिजून पाण्यात गेले तर एक प्रदूषण काढताना दुसरे घातले असे होईल. सर्वसाधारण मानकांत तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे.

म्हणून माझ्या मते आज उत्प्रेरकाच्या आराखड्यात ९६ चे ९८ टक्के करण्यापेक्षा दुसऱ्या गोष्टी आधी याव्यात. क्लोराइडमध्ये न झिजणारा पृष्ठभाग, थर बसला तर विजेची दिशा क्षणभर उलटवून झटकता येईल अशी मजबुती, आणि शेवटचे पन्नास-शंभर मिलिग्रॅम नायट्रेट उरले असतानाही टिकणारी क्रिया. टायटॅनियमवर या दिशेने काम झाले आहे. ते तांब्यापेक्षा संथ आहे, पण क्लोराइडला दाद देत नाही आणि रासायनिक कारखान्याला ते ओळखीचे आहे. रुथेनियम सुंदर निकाल देते. तो दुर्मीळ धातू आहे, आणि पाण्यात दर महिन्याला थोडा थोडा हरवणारा दुर्मीळ धातू कोणत्याही कारखान्याला परवडणार नाही. तांबे-कोबाल्टची जोडी मला मधला व्यवहार्य रस्ता वाटते. तिची कसोटी काही तासांच्या आलेखावर न लावता कारखान्याच्या पाण्यात हजारो तास लावली पाहिजे.

अमोनिया तयार झाला की काम संपत नाही. वरच्या उदाहरणातल्या २००० मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये ४५० मिलिग्रॅमच्या वर नायट्रोजन आहे. तो सगळा अमोनियात बदलून तसाच सोडला तर मर्यादेच्या, म्हणजे ५० च्या, नऊ पट अमोनिया खाडीत जाईल. मासळीला अमोनिया नायट्रेटपेक्षा कितीतरी अधिक घातक आहे, विशेषतः पाणी अल्कधर्मी असताना. म्हणजे अर्धवट यंत्रणा काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरेल. राइसच्या गटाने अमोनिया वेगळा काढून दाखवला त्याचे मोल इथे आहे. सुदैवाने क्रियेतून निघणारे अल्क इथे कामी येते. पीएच ११ च्या पुढे गेला की अमोनिया पाण्यात आयन म्हणून न राहता वायू होऊ पाहतो; हवा फुंकून तो बाहेर काढायचा आणि सल्फ्युरिक आम्लात धरून अमोनियम सल्फेट करायचे. कुणी नायट्रिक आम्लात धरायचे म्हटले तर त्याला थांबवावे, कारण अमोनियम नायट्रेट स्फोटक कायद्याखाली येते आणि त्यासाठी २०१२ चे वेगळे नियम आहेत. सल्फेट खत म्हणून विकायचे तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाची शुद्धता लागते, आणि रंगकारखान्याच्या पाण्यातून निघालेल्या मिठात काय काय आले आहे ते तपासल्याशिवाय ते पोलादपूरच्या भातात टाकणे मला अजिबात पटत नाही. कारखान्यातच अमोनिया लागत असेल तर तो तिथेच परत वापरणे सर्वांत सरळ.

महाडची आणखी दोन बंधने आहेत. एक, पूर. २००५ आणि २०२१ च्या जुलैत शहर पाण्याखाली गेले. अमोनिया आणि आम्लाच्या टाक्या पूररेषेच्या वर हव्यात, आणि वीज गेली की यंत्र आपोआप सुरक्षित अवस्थेत थांबले पाहिजे. दोन, हायड्रोजन. कार्यक्षमतेतले उरलेले टक्के बहुधा हायड्रोजन वायू बनवण्यात जातात आणि त्याला मोकळी वाट लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच वसाहतीत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. नवीन यंत्र आणताना ही चर्चा शेवटी नव्हे, पहिल्या दिवशी व्हायला हवी.

यंत्र कुठे बसवायचे हा प्रश्न कोणते बसवायचे याहून महत्त्वाचा आहे. सीईटीपीत सगळ्यांचे पाणी एकत्र होते. एका कारखान्याचे दाट नायट्रेट दुसऱ्याच्या पाण्यात पातळ होते, त्यात तिसऱ्याचे मीठ आणि चौथ्याची सेंद्रिय घाण मिसळते. तिथे वीज-उत्प्रेरक लावणे म्हणजे त्याला सर्वांत वाईट परिस्थितीत कामाला जुंपणे. नायट्रेशनची, म्हणजे नायट्रिक आम्लाने नायट्रो-गट जोडण्याची, भांडी, आम्ल मारण्याची टाकी आणि नायट्रोजन ऑक्साइडचे धूर धुणारा स्क्रबर यांचे पाणी कारखान्याच्या आतच वेगळे ठेवले, तर तिथे पाणी थोडे, दाट आणि ओळखीचे मिळते. त्याच ठिकाणी या तंत्राचा पहिला खरा प्रयोग व्हावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या विहिरींचे गणित वेगळे आहे. तिथे लिटरला शंभर मिलिग्रॅमचे पाणी थेट सेलमध्ये न घालता आधी आयन-विनिमयाच्या राळेवर नायट्रेट धरावे आणि ती राळ धुताना निघणाऱ्या दाट खारट पाण्यावर वीज चालवावी. ते पाणी महाडच्या पाण्यासारखेच असेल, म्हणून इथे शिकलेले तिकडे उपयोगी पडेल.

हे शिकण्यासाठी दूर जायला नको. महाडच्या उत्तरेला याच मुंबई-गोवा महामार्गावर लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथे रासायनिक अभियांत्रिकीचा विभाग आहे. पोटेन्शिओस्टॅट, टायटॅनियमची जाळी, तांबे-कोबाल्टचा लेप आणि अमोनिया मोजण्याची साधी रंगपद्धत एवढ्यावर पहिला प्रयोग सुरू होतो. त्यासाठी खरे सांडपाणी मात्र हवे, आणि तेच मिळणे सर्वांत अवघड असते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दादलीच्या वर आणि खाली, पावसाआधी आणि पावसानंतर, नायट्रेट-नायट्रोजन आणि अमोनिया-नायट्रोजन यांचे वेगवेगळे आकडे मराठीत लोकांसमोर ठेवावेत. आणि नायट्रेशन करणाऱ्या महाडच्या प्रत्येक कारखान्याने आपल्या वेगळ्या प्रवाहाचे वीस लिटर पाणी, वाटल्यास नाव झाकून, लोणेऱ्याच्या प्रयोगशाळेला द्यावे.